‘कुपोषणाने नाही, न्यूमोनियाने’

तीन वर्षांपूर्वी मी एक ड्रॉपडाऊन लिहिला. कंपनीचं नाव सांगत नाही, क्लायंटचंही नाही. बालमृत्यूंची नोंद ठेवणारं एक अॅप होतं आणि त्यात ‘मृत्यूचे कारण’ अशी एक रकाना होता. न्यूमोनिया, अतिसार, कमी दिवसांचे बाळ, सर्पदंश, अपघात, कुपोषण, इतर. यादी वरून आली होती. मी ती टाकली, ‘एकच पर्याय निवडा’ असं सेटिंग ठेवलं, टेस्ट केलं आणि टिकेट बंद केलं. दुपारचं जेवण व्हायच्या आत काम झालं होतं.

महिन्याभराने सपोर्टच्या नंबरवर एका आरोग्य कर्मचाऱ्याचा फोन आला. त्या आठवड्यात सपोर्टची पाळी माझी होती.

“सर, यात दोन कारणं टाकता येत नाहीत का?”

“नाही ताई, एकच घेतं ते. जे मुख्य असेल ते टाका.”

“मुख्य कुठलं म्हणू सर? पोर सॅममध्ये होतं. वजन वाढतच नव्हतं. मग न्यूमोनिया झाला आणि दोन दिवसांत गेलं.”

मी म्हणालो, शेवटी जे झालं ते टाका. त्यांनी न्यूमोनिया टाकलं. जिल्ह्याच्या डॅशबोर्डवर न्यूमोनियाच्या खांबात एकाची भर पडली. कुपोषणाचा खांब होता तिथेच राहिला.

मला तेव्हा काही वाटलं नाही. हे कबूल करायला हवं, कारण पुढे मी ज्यांच्यावर चिडणार आहे, त्यांच्या रांगेत मीही उभा आहे.

नंतर एका अधिवेशनाच्या काळात टीव्हीवर ते वाक्य ऐकलं. तुम्हीही ऐकलं असेल, कारण ते दर पावसाळ्यात ऐकू येतं. पक्ष बदलतो, मंत्री बदलतात, वाक्य तेच राहतं. ‘हे मृत्यू कुपोषणाने झालेले नाहीत, न्यूमोनिया, अतिसार अशा आजारांमुळे झाले आहेत.’ पुराव्यादाखल आकडे दिले जातात. असे आकडे कुठून येतात ते मला आता माहीत होतं. ते माझ्या ड्रॉपडाऊनसारख्या ड्रॉपडाऊनमधून येतात.

हे वाक्य जुनं आहे. १९९२-९३ मध्ये जव्हार तालुक्यातल्या वावर-वांगणीत मुलं मेली, तेव्हा महाराष्ट्राला पहिल्यांदा कळलं की मुंबईपासून काही तासांच्या अंतरावर असं घडू शकतं. त्याच सुमारास मेळघाटची नावं पेपरात यायला लागली. त्यानंतर न्यायालयात याचिका झाल्या, समित्या बसल्या, योजना आल्या. त्यातल्या काही योजना खरंच चांगल्या होत्या. पण प्रत्येक वेळी वाद सुरू झाला की पहिला वाद हाच असतो: पोर नेमकं कशाने गेलं? म्हणजे कुणाच्या खात्यात टाकायचं? आरोग्य विभागाच्या, महिला व बालविकास विभागाच्या, आदिवासी विभागाच्या की थेट नशिबाच्या?

मी डॉक्टर नाही. पण गेल्या दोन वर्षांत जमेल तेवढं वाचलं, समजलं नाही तिथे विचारलं, आणि माझं मत असं झालं आहे की ते वाक्य शास्त्रीयदृष्ट्या अर्धवट आणि राजकीयदृष्ट्या अत्यंत सोयीचं आहे. न्यूमोनिया आणि कुपोषण या दोन वेगळ्या रांगा नाहीत. कुपोषणाने मूल मरतं तेव्हा ते बहुतेक वेळा असंच मरतं. का, ते नीट सांगतो.

आपल्या कामात सर्व्हर पडला की पहिलं काय करतो? लॉग उघडतो. शेवटची ओळ म्हणते, मेमरी संपली. एखादा नवखा इंजिनिअर तेवढंच मेलमध्ये लिहून मोकळा होतो. टीम लीड विचारतो, बरोबर, पण मेमरी खाल्ली कुणी? ते शोधल्याशिवाय तिकीट बंद होत नाही. न्यूमोनिया ही लॉगची शेवटची ओळ आहे.

आता शरीराकडे येऊ. रोगप्रतिकारशक्ती हा शब्द आपण असा वापरतो जणू ती बाटलीतली काहीतरी वस्तू आहे, कमी झाली की वरून ओतायची. प्रत्यक्षात ते पेशींचं काम आहे आणि ते फार खर्चिक काम आहे. न्यूट्रोफिल नावाच्या पांढऱ्या पेशी घ्या. जंतू घुसला की सगळ्यात आधी धावणाऱ्या. मोठ्या माणसाची अस्थिमज्जा रोज सुमारे १०० अब्ज न्यूट्रोफिल तयार करते. त्यातल्या बऱ्याचशा दिवसाभरात संपतात आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तेवढ्याच लागतात. याला प्रथिनं लागतात, जस्त लागतं, लोह लागतं, ऊर्जा लागते. शरीराला ताप चढतो तो फुकट चढत नाही. तापमान एक अंश सेल्सिअसने वाढलं की शरीराचा ऊर्जेचा खर्च साधारण १० ते १३ टक्क्यांनी वाढतो. भरल्या घरातलं मूल हा खर्च साठ्यातून करतं. ज्याच्या अंगावर साठाच नाही, ते काय करणार?

ते काटकसर करतं. आपला फोन १५ टक्क्यांवर आला की बॅटरी सेव्हर लागतो. स्क्रीन मंद होते, मागची अॅप बंद होतात. उपाशी शरीरही असंच ठरवतं. मेंदू आणि हृदय चालू ठेवायचं, बाकीचं कमी करायचं. वाढ थांबवायची. आणि ज्याची आज, या क्षणी गरज दिसत नाही, अशी मोठी फौज बाळगणं थांबवायचं.

या काटकसरीचा सगळ्यात मोठा फटका बसतो थायमसला. छातीच्या हाडामागे असलेली ही ग्रंथी लहानपणी मोठी असते, वय वाढेल तशी आक्रसते. इथे टी-पेशी शिकून तयार होतात. प्रवेश घेणाऱ्या शंभर पेशींपैकी दोन ते पाचच पास होतात, बाकीच्यांना तिथेच मरावं लागतं, कारण एकतर त्यांना शत्रू ओळखता येत नाही किंवा त्या स्वतःच्याच शरीरावर उठतात. इतकी कडक परीक्षा घेणारी शाळा चालवायला भरपूर विद्यार्थी लागतात. मूल उपाशी राहिलं की ही शाळा रिकामी होते. ताणात वाढणारं कॉर्टिसॉल कोवळ्या टी-पेशींना मारतं. चरबीच्या पेशींमधून येणारं लेप्टिन हे संप्रेरक ‘घरात साठा आहे, खर्च करायला हरकत नाही’ असा निरोप देत असतं. चरबी संपली की तो निरोपही बंद होतो. १९९८ साली लंडनच्या संशोधकांनी उपाशी उंदरांना फक्त लेप्टिन टोचलं, तर त्यांच्या टी-पेशींचा गेलेला प्रतिसाद परत आला. युगांडात अतितीव्र कुपोषित मुलांच्या रक्ताची तपासणी झाली, तेव्हा ज्यांचं लेप्टिन सगळ्यात कमी होतं त्यांच्यात मृत्यू जास्त आढळले.

थायमसचं हे आक्रसणं काही कालचा शोध नाही. १८४५ साली जॉन सायमन या ब्रिटिश शल्यविशारदाने थायमसवर निबंध लिहिला, त्यातच पोषण बिघडलं की ही ग्रंथी लगेच लहान होते असं नोंदवलेलं आहे. म्हणजे पावणेदोनशे वर्षांहून जुनी माहिती आहे ही. आमच्या ड्रॉपडाऊनपर्यंत ती पोचली नव्हती.

थायमस ही एक गोष्ट झाली. त्याआधी भिंती असतात. आतड्याचं अस्तर ही बाहेरचं जग आणि रक्त यांच्यातली पातळशी भिंत आहे. कुपोषणात आणि सतत घाण पाणी पिण्यात तिच्यावरचे बोटांसारखे रसांकुर चपटे होतात, भिंत झिरपायला लागते. मग आतड्यातले जंतू आणि त्यांचे तुकडे रक्तात जातात आणि शरीर सतत आतल्या आत धुमसत राहतं. म्हणजे एकीकडे खरी फौज कमी झालेली, आणि उरलेली फौज दिवसरात्र खोट्या अलार्ममागे धावून दमलेली. भिंत ओलांडून जंतू आत आलेच, तर न्यूट्रोफिल त्यांना गिळतात, पण गिळल्यावर मारण्याची त्यांची ताकद अतितीव्र कुपोषणात कमी झालेली आढळते. जंतूंवर खूण करणारी रक्तातली कॉम्प्लिमेंट प्रथिनंही कमी पडतात. ती बनवायला यकृताला कच्चा माल हवा ना.

इथे एक गोष्ट स्पष्ट करतो, कारण व्हॉट्सअॅपवर उलट अर्थ काढला जाईल. कुपोषित मुलाची सगळीच प्रतिकारशक्ती मेलेली नसते. रक्तातल्या प्रतिपिंडांचं प्रमाण बऱ्याचदा नॉर्मल असतं, आणि बहुतेक लशींना ही मुलं प्रतिसाद देतात. म्हणून कुपोषित मुलाला लस द्यायलाच हवी, उलट त्याला ती सगळ्यात आधी हवी.

आता मला सगळ्यात भयानक वाटलेली गोष्ट. अतितीव्र कुपोषित मुलाला गंभीर जंतुसंसर्ग झाला तरी ताप येईलच असं नाही. ताप, सूज, लाली ही सगळी प्रतिकाराची लक्षणं आहेत. प्रतिकारच क्षीण असेल तर लक्षणं कुठून येणार? मूल फक्त शांत होतं. खात नाही, रडत नाही, अंग गार पडतं. त्वचेवर टोचून करायची क्षयरोगाची चाचणीही अशा मुलात क्षय असूनसुद्धा निगेटिव्ह येऊ शकते, कारण टोचलेल्या जागी गाठ उठवणाऱ्या टी-पेशीच पुरेशा नसतात. याच कारणाने जागतिक आरोग्य संघटना सांगते की अतितीव्र कुपोषित मुलाला संसर्गाची लक्षणं दिसोत न दिसोत, उपचाराच्या सुरुवातीला अँटिबायोटिक द्या.

आता ‘आईबापांनी वेळेवर आणलं नाही’ हे दुसरं ठरलेलं वाक्य आठवा. पोराला ताप नव्हता. ते कुरकुरत नव्हतं. ज्या आईला लागवडीला जायचंय तिने कशावरून ओळखायचं? पोर शांत झोपलंय, असंच तिला वाटणार. आणि नंतर आपण शहरात बसून म्हणणार, अडाणी आहेत, भूमकाकडे नेतात. नेतात, हे खरं. डाग देण्यासारखे प्रकार वाईटच आहेत आणि त्याने जीव जातात. पण जिथे दवाखान्याला जायला पावसाळ्यात नदी ओलांडावी लागते आणि पोचल्यावर डॉक्टर असेलच याची खात्री नाही, तिथे भूमका निदान घरी येतो.

तिसरा मुद्दा वजनाचा. आपली सगळी व्यवस्था वजनावर चालते. अंगणवाडीत काटा, दंडघेर मोजायची पट्टी, ११.५ सेंटीमीटरच्या खाली लाल रंग. हे मोजायलाच हवं, त्याबद्दल तक्रार नाही. तक्रार ही आहे की काटा हिरवा झाला की आपण तिकीट बंद करतो. बोलिव्हियातल्या कोचाबांबामध्ये नव्वदच्या दशकात संशोधकांनी कुपोषित मुलांच्या थायमसचा आकार सोनोग्राफीने मोजला. मुलं वजनाने साधारण चार आठवड्यांत सावरली. थायमस सावरायला सुमारे नऊ आठवडे लागले. म्हणजे मूल बाहेरून बरं दिसत होतं आणि आतून महिनाभर उघडं होतं. आपल्याकडे पोषण पुनर्वसन केंद्रात मूल साधारण दोन आठवडे राहतं. मग ते त्याच घरी, त्याच पाण्याकडे, त्याच धुराकडे परत जातं. दोन महिन्यांनी अतिसाराने गेलं, तर नोंद काय होणार? सॅमच्या यादीतून ते कधीच बाहेर पडलेलं असतं. कारण: अतिसार.

फोनची उपमा इथेच तुटते. फोन चार्जरला लावला की बॅटरी सेव्हर आपोआप निघतो. मुलाच्या शरीरात तो उतरायला वेळ लागतो, आणि योग्य गोष्टी मिळाल्या तरच उतरतो. बोलिव्हियात ज्या मुलांना जोडीला जस्त दिलं, त्यांचा थायमसही महिनाभरात सावरला. जस्ताने थायमस वाढतो हे जमैकातल्या डॉक्टरांनी १९७७ सालीच दाखवलं होतं. पोट भरणं आणि पोषण यांतला हा फरक आहे. भात-डाळीच्या पाण्याने पोट भरतं.

तुम्ही म्हणाल, ही सगळी अतितीव्र कुपोषितांची गोष्ट, ती मुलं थोडी. इथेच आकडे बघायला हवेत. १९९५ साली डेव्हिड पेलेटिअर आणि सहकाऱ्यांनी ५३ विकसनशील देशांच्या माहितीवरून हिशेब मांडला. बालमृत्यूंपैकी ५६ टक्के मृत्यूंमध्ये कुपोषणाचा हात होता. आणि त्यातले ८३ टक्के हे अतितीव्र कुपोषणातले नव्हते, सौम्य आणि मध्यम कुपोषणातले होते. थोडं अशक्त, थोडं बारीक, ‘आमच्याकडे सगळी अशीच असतात’ म्हणून सोडून दिलेलं मूल. एकेकट्या मुलाचा धोका कमी, पण अशी मुलं इतकी जास्त की एकूण मृत्यू त्यांच्यातच जास्त. त्यानंतरचे अंदाजही पाच वर्षांखालच्या जवळपास निम्म्या मृत्यूंशी कुपोषणाचा संबंध जोडतात.

आता आपलं राज्य. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत, २०१९-२१ मध्ये, महाराष्ट्रातली पाच वर्षांखालची ३५.२ टक्के मुलं वयाच्या मानाने बुटकी होती. उंचीच्या मानाने वजन कमी असलेली २५.६ टक्के. देशाची सरासरी १९.३. त्याआधीच्या फेरीत, २०१५-१६ मध्ये, महाराष्ट्राचा हाच आकडा किती होता? २५.६. पाच वर्षांत दशांश चिन्हापुढचा आकडाही हलला नाही. त्यातली अतितीव्र मुलं मात्र ९.४ वरून १०.९ टक्क्यांवर गेली. देशातल्या श्रीमंत राज्यांच्या यादीत आपण वर असतो, एक ट्रिलियन डॉलरच्या अर्थव्यवस्थेच्या गप्पा मारतो, आणि दर चौथं मूल वाळलेलं आहे. हे फक्त मेळघाट-नंदुरबारमध्ये आहे असं समजू नका. २०२२ मध्ये गोवंडीत गोवराची साथ आली आणि मुलं गेली, ते मुंबई महानगरपालिकेच्या हद्दीत. गोवर तर आणखी वाईट. तो आधी कमावलेली प्रतिपिंडंही पुसून टाकतो. २०१९ मधल्या एका अभ्यासात लस न घेतलेल्या मुलांची गोवरानंतर ११ ते ७३ टक्के प्रतिपिंडं गेलेली आढळली. आधीच रिकामी असलेली तिजोरी कुणी फोडावी, तसं.

विरोधातले मुद्दे टाळणार नाही.

पहिला मुद्दा: भारतीय मुलं मुळात लहानखुरी असतात, परदेशी मापं आपल्याला लागू नाहीत. २०१३ मध्ये अरविंद पनगढिया यांनी हा युक्तिवाद गंभीरपणे मांडला होता. पण जागतिक आरोग्य संघटनेची २००६ ची मापं ज्या सहा देशांतल्या मुलांवरून बनली, त्यांत भारत होता. दक्षिण दिल्लीतली सुस्थितीतल्या घरांमधली मुलं ब्राझील, नॉर्वे, घाना, ओमान आणि अमेरिकेतल्या मुलांइतकीच वाढली. आणि मापावर वाद घालायचाच असेल तर घाला. थायमस कुठल्या देशाचं माप वापरून आक्रसत नाही.

दुसरा मुद्दा जास्त वजनदार आहे: आजार आधी की कुपोषण आधी? मूल वारंवार आजारी पडतं म्हणूनही वाळतं. अगदी खरं. १९५९ मध्ये स्क्रिमशॉ, टेलर आणि गॉर्डन यांनी हेच मांडलं होतं, की संसर्ग आणि कुपोषण एकमेकांना वाढवतात. अतिसाराने मूल वाळतं, वाळल्याने पुढचा अतिसार लांबतो. पण मग याचा अर्थ काय निघतो? दोन्हींना जोडूनच मोजायला हवं असा. एकाचं नाव घेऊन दुसऱ्याला निर्दोष सोडता येत नाही.

तिसरा: न्यूमोनियावर औषध द्या, मूल वाचतं, मग एवढं कशाला? हाही मुद्दा खरा आहे. गडचिरोलीत डॉ. अभय आणि राणी बंग यांनी गावातल्याच प्रशिक्षित माणसांकडून न्यूमोनियाचे उपचार करून बालमृत्यू कमी करून दाखवले. १९९० मध्ये ते लॅन्सेटमध्ये छापून आलं. उद्याचं मूल वाचवायला आज हेच हवं. पण वाचलेलं मूल परत त्याच अवस्थेत पुढच्या संसर्गाची वाट बघत बसणार असेल, तर आपण सर्व्हर रिस्टार्ट करतोय. कधीकधी रिस्टार्ट करावाच लागतो. फक्त त्याला दुरुस्ती म्हणू नये.

आता आपल्याबद्दल, म्हणजे हे फोनवर वाचणाऱ्या तुमच्या-माझ्याबद्दल. कोविडच्या काळात आपण ‘इम्युनिटी’ या शब्दावर किती पैसे उधळले आठवतंय? काढे, गोळ्या, चघळायच्या मिठाया. माझ्या फ्लॅटमध्ये तिघांच्या तीन बाटल्या होत्या. तिघंही दोन वेळ पोटभर जेवणारे. पोषण आणि प्रतिकारशक्तीचा संबंध दाखवणाऱ्या सुरुवातीच्या संशोधकांत रणजित कुमार चंद्रा हे भारतीय वंशाचे डॉक्टर होते. सत्तरच्या दशकात त्यांनी कुपोषित मुलांवर काम केलं. पुढे ते वृद्धांना जीवनसत्त्वांनी कसा फायदा होतो याकडे वळले, स्वतःचं मिश्रण विकायला काढलं, आणि त्यांचं संशोधनच बनावट निघालं. २००१ चा निबंध २००५ मध्ये मागे घेतला गेला, १९९२ चा लॅन्सेटमधला २०१६ मध्ये. मला या गोष्टीत एका माणसाच्या लबाडीपेक्षा जास्त काहीतरी दिसतं. जिथे पैसा आहे तिथे इम्युनिटी विकली जाते, जिथे इम्युनिटी खरोखर अन्नाअभावी कोसळते तिथे गिऱ्हाईक नाही.

आणि जिथे उपाय स्वस्त आहे, तिथे आपण काय करतो? नोव्हेंबर २०२३ मध्ये राज्य सरकारने शालेय पोषण आहारात आठवड्याला एक अंडं द्यायचं ठरवलं. जानेवारी २०२५ मध्ये त्याचा सरकारी खर्च बंद केला. द्यायचं तर शाळेने लोकवर्गणीतून द्यावं म्हणाले. आठवड्याला एक अंडं. बांगलादेशात ढाक्याच्या मीरपूर वस्तीत हरभरा, सोयाबीन, शेंगदाणा आणि कच्ची केळी यांपासून केलेलं खाणं मध्यम कुपोषित मुलांना देऊन बघितलं. प्रचलित तयार पूरक आहारापेक्षा त्यात उष्मांक कमी होते, तरी वजन जास्त चांगलं वाढलं, कारण त्याने आतड्यातले उपयोगी जंतू सावरले. २०२१ मध्ये ते प्रसिद्ध झालं. शेंगदाणे, हरभरे, केळी! यातलं काय जळगाव-लातूरला पिकत नाही? पण आपल्याकडे घरपोच आहाराचा विषय निघाला की पाकिटं, टेंडरं आणि कंत्राटदार निघतात. अंगणवाडीच्या आहारात कंत्राटदार नकोत, हे सर्वोच्च न्यायालयाने २००४ मध्ये सांगितलं होतं.

मग मागायचं काय? भावनिक आवाहन मला जमत नाही, बग रिपोर्ट जमतो.

एक, नोंद. मृत्यूच्या कारणाचा आपला वैद्यकीय दाखला, फॉर्म ४ आणि ४अ, यात दोन भाग असतात. पहिल्यात साखळी लिहायची: तात्काळ कारण, त्याच्या मागचं, त्याच्याही मागचं. दुसऱ्यात मृत्यूला हातभार लावणाऱ्या इतर गोष्टी. कुपोषणाला ई४० ते ई४६ असे आंतरराष्ट्रीय कोडही आहेत. म्हणजे जागा आहे, कोड आहे, फक्त भरायची इच्छा हवी. पाच वर्षांखालच्या प्रत्येक मृत्यूच्या नोंदीत शेवटचं वजन, उंची आणि दंडघेर सक्तीचं करा. ते न भरता फॉर्म पुढे जाऊच नये. हे करायला एक दुपार लागते, मला माहीत आहे.

दोन, वजन सावरल्यावर मुलाला यादीतून काढू नका. निदान पुढचे दोन-तीन महिने त्याचा आहार, जस्त, लसी आणि आजारपण यांवर लक्ष ठेवा. दिवाळीनंतर ते कुटुंब वीटभट्टीवर गेलं, तर ती नोंद आणि तो आहार भट्टीवर जायला हवा. आपलं पार्सल पत्ता बदलला तरी पोचतं.

तीन, पाणी, संडास आणि आईचं जेवण हे पोषणाच्याच खात्यात धरा. झिरपणाऱ्या आतड्यात कितीही ओतलं तरी गळणारच.

चार, अंडं परत द्या.

आणि पुढच्या वेळी कुणी, कुठल्याही पक्षाचा, माईकसमोर उभा राहून म्हणाला की ही मुलं कुपोषणाने नाही, न्यूमोनियाने गेली, तर त्याला एकच प्रश्न विचारा. त्याच पावसात, त्याच न्यूमोनियाच्या जंतूने तुमच्या घरातलं मूल का नाही गेलं?

त्या ताईंचा नंबर माझ्याकडे राहिला नाही. मी टीममध्ये मल्टी-सिलेक्टचा प्रस्ताव टाकला होता. उत्तर आलं की रिपोर्टचा फॉर्मॅट वरून ठरलेला आहे, एका मृत्यूला एकच कारण. नंतर मी ती नोकरी सोडली, कारणं वेगळी होती, त्यात शौर्य काही नाही. तो ड्रॉपडाऊन अजून चालू असेल. आजही कुणीतरी पावसात, रेंज मिळेल अशा जागी उभं राहून तो उघडत असेल, आणि दोन कारणांपैकी कुठलं गाळायचं याचा विचार करत असेल.